आठ तासांचा प्लग

गाडी घरी आली त्या संध्याकाळी तिला ओवाळून झालं, चाकांखाली लिंबं चिरडून झाली, आळीत पेढे वाटून झाले. रात्री साडेनऊला तात्यांनी डिकीतून केबल काढली आणि ओट्यावरच्या प्लगात खोचली. केबलच्या मध्यावर विटेएवढा एक डबा असतो, त्यावर हिरवा दिवा लागला. गाडी ‘पिऊ’ लागली म्हणत सगळे झोपायला गेले.

तात्या म्हणजे माझे मामा. माळशिरस तालुक्यातल्या वेळापुरात त्यांचं जुनं घर आहे, यादवकालीन अर्धनारीनटेश्वराच्या देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर. ओट्याच्या कोपऱ्यात घरघंटी ठेवलेली असते आणि तो प्लग तिचाच. आठवड्यातून दोनदा मामी त्यावर ज्वारी दळते, वीस मिनिटांत काम उरकतं. इतक्या वर्षांत त्या प्लगानं कधी त्रास दिला नव्हता, त्यामुळे तो गाडीला चालेल की नाही हा प्रश्न कुणाच्या मनातच आला नाही. पहाटे मामी सडा टाकायला बाहेर आली तेव्हा तिला जळक्या प्लास्टिकचा वास आला. डब्यावरचा हिरवा दिवा लाल झाला होता. तात्यांनी केबलचा टॉप उपसला तर हाताला चटका बसला, आणि सॉकेटच्या एका छिद्राभोवती तपकिरी कडं उमटलेलं दिसलं.

आग लागली नाही. घर जुनं आहे, ओट्यावर लाकडी खांब आहेत, शेजारी पिठाचे डबे आहेत. त्यामुळे ‘लागली नाही’ एवढंच म्हणून मला थांबता येत नाही.

सकाळी वायरमन आला. त्यानं गाडीकडे पाहिलं नाही, थेट ओट्यावर गेला. “तात्या, गाडीत काय बी खोट न्हाय,” तो म्हणाला, “ह्यो प्लग दळणाचा हाय.”

त्यानं मेन स्विच पाडून सॉकेट भिंतीतून बाहेर काढलं तेव्हा मी शेजारी बसून पाहत होतो. सॉकेटच्या आत पितळेच्या पत्त्या असतात, पिन आत गेली की त्या तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. एका पत्तीची चिमटी उघडी पडली होती. धातूवर निळसर-काळी झाक आली होती आणि तिच्यातला ताण गेला होता, बोटानं दाबली तर ती परत येत नव्हती. मागच्या बाजूला वायर ज्या स्क्रूखाली आवळलेली असते तो अर्धा वळसा सैल होता. तिथल्या वायरचं प्लास्टिक कडक होऊन तडकलं होतं. आणि आत, पत्त्यांच्या मधोमध, ज्वारीच्या पिठाचा बारीक थर होता, वर्षानुवर्षांचा, कडेला करपून तांबूस झालेला.

बिघाड काय होता ते त्या तळहातावर मावणाऱ्या वस्तूत दिसत होतं. त्यामागचं गणितही सोपं आहे.

घरी चार्जिंग करण्यासाठी गाडीबरोबर मिळणारी केबल साधारण ३.३ किलोवॅटची असते. आपल्याकडे घरातला दाब २३० व्होल्ट धरला तर तिच्यातून सुमारे १४ अँपिअर प्रवाह वाहतो. घरघंटीची मोटर एक अश्वशक्तीची, तिचा प्रवाह पाच अँपिअरच्या आसपास. म्हणजे गाडीचा प्रवाह जेमतेम तिप्पट. पण जिथे पिन आणि पत्ती एकमेकींना टेकतात तिथली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. सैल झालेल्या सांध्याचा रोध एक दशांश ओहम धरू. घरघंटी चालताना तिथे अडीच वॅट उष्णता निर्माण होते, ती भिंतीत कुठे जिरते कळतही नाही. गाडी लावली की तिथेच २० वॅट होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातलं कथील वितळवणारं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. तसलं एक आयर्न सॉकेटच्या आत ठेवून रात्रभर चालू सोडावं, असा तो प्रकार.

आणि ‘रात्रभर’ हाच यातला कळीचा शब्द. घरात जास्त वीज ओढणाऱ्या वस्तू आधीपासून असतात. दोन किलोवॅटचा गीझर नऊ अँपिअरच्या जवळ जातो, पण अर्ध्या तासात पाणी तापतं आणि तो आपोआप बंद होतो. इस्त्री क्षणाक्षणाला चालू-बंद होत असते. सांधा तापतो आणि थंड व्हायला त्याला वेळ मिळतो. गाडी तो वेळ देत नाही. टाटांची टियागो ईव्ही २०२२ साली आली, तिच्या बॅटऱ्या १९.२ आणि २४ युनिटांच्या. एमजीच्या कॉमेटची १७.३ युनिटांची. बॅटरी बरीच उतरलेली असेल तर यांपैकी कुठलीही गाडी घरच्या प्लगावर पाच ते नऊ तास सलग वीज घेते, एकाच जोरानं, उसंत न घेता. तापलेली पत्ती ताण सोडते, ताण गेला की पकड ढिली होते, पकड ढिली झाली की रोध वाढतो आणि रोध वाढला की ती आणखी तापते. घरघंटीच्या वीस मिनिटांत हे चक्र सुरूच होत नाही. आठ तासांत ते शेवटपर्यंत जाऊ शकतं.

मग एमसीबी का पडला नाही? तात्यांनी हाच प्रश्न विचारला आणि तो अगदी रास्त आहे. बोर्डावरचा खटका प्रवाह मोजतो. प्रवाह तर १४ अँपिअरच होता, खटका १६चा, त्याच्या दृष्टीनं सगळं आलबेल होतं. सॉकेटमध्ये काय तापतंय हे त्याला कळण्याची सोयच नाही. गळती पकडणारं आरसीसीबीही इथे गप्प राहतं, कारण वीज कुठे गळत नाही, ती ठरल्या वाटेनंच चालली आहे, फक्त वाट एका जागी अरुंद आहे. अशा वेळी केबलच्या टॉपमध्ये तापमान ओळखणारा भाग असेल तरच काही बचाव होतो. तात्यांच्या केबलमध्ये तो होता, म्हणून दिवा लाल झाला. सगळ्याच केबलींत तो असतो असं धरून चालू नये. म्हणूनच प्लग निवडणं हे तुमचं-माझं काम आहे, आपल्या मागे दुसरा राखणदार नाही.

आपले हे गोल पिनांचे प्लग आले कुठून, ते इथेच सांगून टाकतो. ब्रिटिशांनी १९३४ साली गोल पिनांचं मानक ठरवलं, त्यात पाच आणि पंधरा अँपिअरचे वेगवेगळे आकार होते. १९४७ साली त्यांनी स्वतःसाठी चौकोनी पिनांचा १३ अँपिअरचा प्लग आणला आणि गोल पिना हळूहळू सोडून दिल्या. आपण त्या ठेवल्या. आज भारतीय मानक १२९३ प्रमाणे त्यांना ६ आणि १६ अँपिअरचे म्हणतात, पण बाजारात अजून ‘पाचचा’ आणि ‘पंधराचा’ हेच शब्द चालतात. या वारशाची एक बाजू चांगली आहे: पंधराच्या प्लगाची पिन जाडजूड आहे, तिला धातू भरपूर आहे. अर्थची वरची पिन इतर दोघींपेक्षा लांब आहे, म्हणजे टॉप आत जाताना आधी अर्थ जुळतो आणि मग वीज येते. पण आपण या प्लगाकडून मागतोही जास्त. अमेरिकेच्या वीज संहितेत तीन तास किंवा अधिक चालणाऱ्या भाराला ‘सततचा भार’ मानतात आणि सर्किटच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपुढे तो नेऊ देत नाहीत. ब्रिटनमध्ये १३ अँपिअरच्या प्लगावर गाडीची केबल साधारण १० वरच थांबते. आपल्याकडे १६च्या सॉकेटमधून १४ ते १५ अँपिअर रात्रभर ओढले जातात. वर राखीव असं फारसं काही उरत नाही. म्हणून ते सॉकेट चांगलंच हवं.

दुकानात गेलात तर ‘पॉवर प्लग’ म्हणून बहुतेक वेळा सहा-सोळाचं एकत्र सॉकेट पुढे येतं. त्याला पाच किंवा सहा छिद्रं असतात, बारीक टॉपही बसतो आणि जाडही. घरासाठी ते सोयीचं. पण दोन मापांच्या पिना धरायच्या म्हणून त्याच्या पत्त्या दोन्हींना जमतील अशा वळवाव्या लागतात आणि त्यामुळे दोन्हींपैकी एकीवरही त्यांची पकड पुरती बसत नाही. त्यातून रोज मोबाइलचा चार्जर, सणाला माळा, दुपारी घरघंटी असं करत ते आणखी सैल होतं. तात्यांचं सॉकेट हेच होतं. गाडीसाठी घ्यायचं ते फक्त १६चं, तीनच छिद्रांचं, आयएसआय खूण असलेलं, आणि एकदा बसवलं की त्यात दुसरं काहीही लावायचं नाही. टॉप आत ढकलताना जोर लागला पाहिजे आणि उपसताना त्याहून जास्त. हाताला हा फरक लगेच कळतो. लोण्यात सुरी जावी तसा टॉप जात असेल तर ते सॉकेट बदलायचं.

याहून दणकट दोन पर्याय आहेत. एसीसाठी वापरतात ते २० अँपिअरचं पत्र्याच्या डब्यातलं मेटलक्लॅड सॉकेट, आणि कारखान्यांत किंवा मंडपवाल्यांकडे दिसतं ते निळ्या रंगाचं, झाकण असलेलं औद्योगिक सॉकेट. केंद्र सरकारच्या सुरुवातीच्या ‘भारत एसी-००१’ चार्जरवर हीच निळी सॉकेटं बसवलेली होती. पण गाडीच्या केबलला कंपनीनं दिलेला टॉप गोल तीन पिनांचा असतो, आणि तो कापून निळा टॉप लावण्याच्या फंदात पडू नका. तापमान ओळखणारा भाग त्या टॉपमध्येच असला तर कात्रीबरोबर तोही जातो, आणि वॉरंटी तर जातेच. पाचच्या छिद्रात पंधराचा टॉप बसवणारी ती छोटी कन्व्हर्जन पिन मिळते, ती गाडीसाठी तर हातातही घेऊ नका. एक्स्टेन्शन बोर्डाचंही तेच. केंद्रीय विद्युत प्राधिकरणानं चार्जिंग स्थानकांसाठी केलेल्या सुरक्षा नियमांत एक्स्टेन्शन, अडॅप्टर आणि सुटी फिरती सॉकेटं या तिन्हींना स्पष्ट मनाई आहे. घराला ते नियम जसेच्या तसे लागू होवोत न होवोत, त्यामागचं शहाणपण ओट्यालाही लागू आहे. प्रत्येक जोड म्हणजे आणखी तीन सांधे, आणि प्रत्येक सांधा म्हणजे आणखी एक सोल्डरिंग आयर्न होण्याची शक्यता.

सॉकेटच्या मागे वायर आहे. वायरमननं तात्यांच्या घरात पाहिलं तर ओट्याचा प्लग माजघरातल्या बोर्डावरून ‘लूप’ घेऊन आणलेला होता. माजघरातला पंखा, टीव्ही, फ्रीज आणि बाहेरची घरघंटी यांचा एकच वायरीचा जोड. गाडीच्या प्लगाला मेन बोर्डापासून स्वतःची वायर आणि स्वतःचा एमसीबी हवा, मध्ये कुठेही फाटा नको. ती वायर किती जाड हवी? ओट्यापासून मीटर तीस मीटरवर आहे असं समजू. वीज जाऊन-येऊन साठ मीटर धावते. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल तर १५ अँपिअरला त्या वाटेत १२ व्होल्ट गळतात आणि १८० वॅट उष्णता भिंतीत मुरते. अडीचच्या वायरीत सात व्होल्ट. चारच्या वायरीत साडेचार. घरात पॉवर प्लगाला सहसा अडीचची वायर टाकतात आणि जवळच्या प्लगाला ती चालून जाते, पण नवीन ओढायचीच असेल तर मी चारचीच ओढेन. खर्चातला फरक थोडा असतो, आणि उन्हाळ्यात चाळीसच्या वर पारा गेलेल्या पत्र्याच्या पडवीत ती निवांत राहते. एमसीबीचंही तसंच. त्यांचं माप ३० अंश तापमानाला ठरवलेलं असतं, सोलापूरच्या मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीवरचा १६चा खटका १४ अँपिअरलाच कुरकुरायला लागू शकतो. चारच्या वायरीवर २०चा खटका योग्य. उलट, वायर पातळ आणि खटका मोठा असं कधीही करू नका, तेव्हा खटका जिवंत राहतो आणि वायर मरते.

गावाकडची एक खास सवय इथे आडवी येते. खांबावरून घरात येणारी अॅल्युमिनियमची सर्व्हिस वायर उरली की ती गोठ्यापर्यंत, ओट्यापर्यंत ओढून घेतात. अॅल्युमिनियमवर क्षणात ऑक्साइडची कातडी येते आणि ती वीज अडवते. तांब्याला अॅल्युमिनियम नुसतं पिळून वर टेप गुंडाळला तर तो जोड वर्षा-दोन वर्षांत सैल पडतो. बल्बाला ते कळत नाही. गाडीला त्याच रात्री कळतं.

जागा निवडताना लोक गाडी कुठे उभी राहते ते पाहतात, केबल कुठे लोंबकळते ते पाहत नाहीत. तो विटेएवढा डबा चांगला जड असतो. सॉकेट उंचावर आणि डबा अधांतरी असला तर त्याचं सगळं वजन टॉपवर येतं, टॉप रात्रभर खाली ओढला जातो आणि खालच्या पत्त्यांची पकड सुटते. भिंतीत एक मजबूत खुंटी ठोकून डबा तिला अडकवा. नव्वद टक्के लोक हे करत नाहीत असं मी म्हणणार नाही, मी काही मोजलेलं नाही, पण मी पाहिलेल्या तीन घरांपैकी तिन्ही घरांत डबा लोंबत होता. सॉकेट जमिनीपासून निदान ८० सेंटिमीटर वर हवं, गाडीचं तोंड त्यापासून पाच मीटरच्या आत यावं. वळवाच्या पावसाचा सपकारा ओट्यावर आत येतो, तेव्हा झाकणाचा, पाणी न शिरणारा डबा घ्या. जनावरं बांधायची जागा जवळ असेल तर केबल त्यांच्या पायांत येता कामा नये. ऊसतोडीच्या दिवसांत उंदीर घराकडे धावतात, त्यांना मऊ केबल आवडते, म्हणून चार्जिंग झालं की ती गुंडाळून वर टांगावी. आणि विजा कडाडायला लागल्या की गाडी किती भरली ते न बघता टॉप काढून ठेवावा.

आता अर्थिंग. हा विषय मी मुद्दाम मागे ठेवला, कारण यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे आणि बहुतेक घरांत यावर सगळ्यांत कमी बोललं जातं.

पंखा, टीव्ही, मोबाइल अर्थिंगशिवाय चालतात. जुन्या घरांत तिसऱ्या छिद्राला वायरच जोडलेली नसते आणि कुणाचं अडत नाही. गाडी मात्र अडून बसते. केबलचा डबा सुरू होण्याआधी अर्थ आहे का ते तपासतो आणि नसेल तर लाल दिवा दाखवून वीज घ्यायला नकार देतो. याला कारण आहे. गाडी म्हणजे रबराच्या चार टायरांवर उभा असलेला मोठा पत्रा. आत कुठे वीज पत्र्याला लागली तर तिला जमिनीत जायला वाट नाही, दरवाजाला हात लावणारा माणूसच ती वाट होतो. अर्थिंग असेल तर वीज त्या वाटेनं जाते, आरसीसीबीला गळती कळते आणि ३० मिलिअँपिअरला तो खटका पाडतो.

नकार देणाऱ्या डब्याला फसवण्याची एक युक्ती गावोगाव चालते: सॉकेटमध्येच न्यूट्रलची वायर अर्थच्या पिनेला जोडायची. दिवा हिरवा होतो, गाडी चार्ज होते, करणारा हुशार ठरतो. कृपा करून हे करू देऊ नका. खांबावर न्यूट्रल तुटणं ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही, वादळात एक फांदी पडली तरी पुरते. ज्या क्षणी बाहेर न्यूट्रल तुटतो त्या क्षणी घरातली फेज बल्बातून, टीव्हीतून मागे न्यूट्रलच्या वायरीत येते, तिथून त्या जोडातून अर्थच्या पिनेवर आणि तिथून गाडीच्या पत्र्यावर. गाडी २३० व्होल्टवर उभी राहते आणि दिसायला काही दिसत नाही. सकाळी कुणीतरी अनवाणी पायांनी, ओल्या जमिनीवर उभं राहून ती धुवायला घेतं. नळाच्या पाइपला अर्थ बांधणंही तितकंच फसवं, कारण आता जमिनीखालचे बरेच पाइप प्लास्टिकचे आहेत.

खरं अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेला इलेक्ट्रोड. अडीच-तीन मीटर खोल जस्ताचा मुलामा दिलेला पाइप किंवा पट्टी, भोवती कोळसा आणि मीठ, किंवा हल्ली मिळणारी तयार पावडर. चांगला वायरमन त्याचा रोध पाच ओहमच्या आत आणायचा प्रयत्न करतो. इथे माळशिरस तालुक्याची जमीन आपापला स्वभाव दाखवते. नीरा उजव्या कालव्याखालचं काळं रान ओल धरून ठेवतं, तिथे अर्थिंग सहज लागतं. माळावरचा मुरूम एप्रिलमध्ये ठणठणीत कोरडा पडतो आणि ओल गेली की रोध चढतो. जानेवारीत हिरवा दिवा दाखवणारा डबा मेमध्ये लाल होतो आणि लोक गाडीला दोष देतात. खड्ड्यात पाणी ओता, बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं. घरी तपासायची साधी रीत अशी, पण तपासू द्या वायरमनलाच: फेज आणि अर्थ यांच्यामध्ये शंभर वॅटचा बल्ब लावायचा. तो फेज-न्यूट्रलइतकाच लख्ख पेटला तर ठीक, मिणमिणला तर अर्थ नावापुरता आहे. ही तपासणी आरसीसीबीच्या आधीच्या बाजूला करावी लागते, नाहीतर तो लगेच पडेल, आणि पडला तर तो आपलं काम करतोय असं समजावं.

आरसीसीबी घेताना एक बारकी खूण पाहायची. त्याच्यावर नुसती एक नागमोडी रेघ असेल तर तो ‘एसी’ प्रकारचा. नागमोडी रेघेखाली तुटक उंचवट्यांची दुसरी रेघ असेल तर तो ‘ए’ प्रकारचा. गाडीच्या चार्जरमधली इलेक्ट्रॉनिक्स ज्या तऱ्हेची गळती करू शकतात ती पहिल्या प्रकाराला नीट ओळखता येत नाही. म्हणून ३० मिलिअँपिअरचा, ‘ए’ प्रकारचा घ्या. अकलूजच्या दुकानात तो कदाचित मागवावा लागेल. मागवा, थांबा, तोपर्यंत गाडी लावू नका.

आता खांबापलीकडचं थोडं. गावठाणात वीज बऱ्यापैकी राहते, पण वस्तीवर, रानात घर असेल तर शेतीच्या फीडरचं वेळापत्रक गाडीलाही पाळावं लागतं. संध्याकाळी दाब उतरतो. चार्जर प्रवाह वाढवत बसत नाही, त्याची एक मर्यादा असते, त्यामुळे २३०चे १९० झाले की वेग कमी होतो आणि सकाळी गाडी अर्धवट भरलेली सापडते. यावर स्टॅबिलायझर हा उपाय नव्हे, रात्री अकरानंतर लावणं हा आहे. मोटरीच्या पेटीतून वायर काढून गाडी लावण्याचा मोह रानातल्या घरात होतोच. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्यात मोफत वीज आहे, ती पंपासाठी आहे. त्यावर गाडी भरणं म्हणजे वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर, आणि शिवाय मोटरीच्या पेटीला अर्थिंग कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

घरच्या जोडणीवर गाडी भरायला कुणाची परवानगी लागत नाही. केंद्रानं ते जानेवारी २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं आहे. मात्र बिलावरचा मंजूर भार बघा. जुन्या घरांत तो एखादा किलोवॅट असतो आणि गाडी एकटीच ३.३ मागते. महावितरणकडे अर्ज करून तो वाढवून घ्या. हजार किलोमीटर महिन्याला फिरणं झालं तर छोट्या गाडीला दीडशेच्या आसपास युनिटं लागतात. घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पायऱ्यांनी चढतो, त्यामुळे आधीच अडीचशे युनिटं वापरणारं घर वरच्या पायरीवर जाईल. गाडीसाठी वेगळी जोडणी मागता येते, तिचा दरही वेगळा असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्क नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार ग्रामीण भागात नवी जोडणी १५ दिवसांत मिळायला हवी.

आणि भिंतीवर बसवायचा ७.२ किलोवॅटचा चार्जर? तो ३२ अँपिअर घेतो, सहाची वायर मागतो, सिंगल फेजच्या ४० अँपिअरच्या मर्यादेत घराला फारसं काही उरू देत नाही. त्याचा फायदा असा की त्यात टॉप आणि सॉकेट हा सांधाच नसतो, वायर थेट आवळलेली असते. रोज सोलापूर गाठणाऱ्याला तो लागेल. तात्यांना अकलूजला दहा-बारा किलोमीटर जायचं असतं, कधी पंढरपूरला पस्तीस. पंढरपूरला जाऊन-येऊन दहा युनिटं खर्च होतात, ती साध्या प्लगावर साडेतीन तासांत भरतात. तात्यांनी तो घेतला नाही आणि मला ते पटलं. उलट आम्ही दुसरं केलं. त्यांच्या गाडीत प्रवाह कमी करण्याची सोय होती, ती १० अँपिअरवर आणून ठेवली. वेळ जवळजवळ दीडपट लागतो, पण सांध्यातली उष्णता निम्म्यावर येते. रात्र मोठी असते.

नवा प्लग ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, घरघंटीपासून लांब बसवला. चारची वायर मीटरपासून थेट, २०चा खटका, ‘ए’ प्रकारचा आरसीसीबी, झाकणाचा डबा, खुंटी. पहिल्या रात्री गाडी लावून तासाभरानं तात्यांनी सॉकेटच्या चेहऱ्यावर तळहात ठेवला. कोमट होता, जेवणाच्या ताटाखालच्या पाटासारखा. आता हे ते रोज करतात, देवळात घंटा वाजवावी तसं. आषाढीच्या वारीत माऊलींच्या पालखीचा मुक्काम वेळापुरात पडतो, तेव्हा ओट्यावर वारकरी उतरतात आणि मोबाइल भरायला एकावर एक एक्स्टेन्शन बोर्ड लागतात. ते सगळे घरघंटीच्या बाजूला. गाडीच्या प्लगाचं झाकण त्या दिवशी बंद असतं आणि गाडी मागच्या परड्यात.

अर्थिंगचा खड्डा तुळशीवृंदावनाच्या डाव्या अंगाला घेतला आहे, वर फरशीचं झाकण आहे. उन्हाळ्यात मामी सकाळी तुळशीला पाणी घालते आणि फरशी सरकवून बादलीत उरलेलं तिथे ओतते.